नावाची मोकळी जागा

मंडळी, अटक वॉरंटचा छापील नमुना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात आरोपीच्या नावासाठी जागा सोडलेली असते. नाव भरायचं, मग सही, मग शिक्का. मला आज बोलायचंय ते त्या मोकळ्या जागेबद्दल.

२३ एप्रिल १७६३. लंडनमध्ये ‘नॉर्थ ब्रिटन’ या साप्ताहिकाचा ४५वा अंक निघाला. राजाच्या भाषणावर जहाल टीका, आणि लेख बिनसहीचा. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी वॉरंट काढलं: या अंकाचे लेखक, मुद्रक आणि प्रकाशक शोधा, कागदपत्रांसकट धरून आणा. कोणाला, ते लिहिलेलंच नाही! ते ठरवायचं राजाच्या जासुदांनी, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या शिपायांनी. ४९ जणांची धरपकड झाली. ड्रायडन लीच या मुद्रकालाही उचललं. त्यानं तो अंक छापलाच नव्हता. खासदार जॉन विल्क्स टॉवरच्या तुरुंगात गेले, त्यांच्या घरातली कागदपत्रं उचलून नेली. विल्क्सची गोष्ट इतिहासात गाजली. मला मात्र हकल जवळचा वाटतो.

हा छापखान्यातला साधा कारागीर, आठवड्याला एक गिनी पगार. त्यालाही याच धरपकडीत सहाएक तास अडकवून ठेवलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. उलट जासुदानं त्याला गोमांस आणि बिअर दिली. तरी हकल कोर्टात गेला आणि ज्यूरीनं त्याला ३०० पौंड भरपाई दिली. त्याचा जवळजवळ साडेपाच वर्षांचा पगार! सरकार पक्ष म्हणाला, एवढ्याशा त्रासाला इतके पैसे? मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी तो आक्षेप फेटाळला. माणूस लहान, त्रासही थोडका, हे त्यांनी मान्य केलं. पण बिननावी वॉरंट घेऊन कोणाच्या घरात शिरणं हे स्पेनच्या इन्क्विझिशनपेक्षा, म्हणजे पाखंड्यांना हुडकणाऱ्या तिथल्या धर्मन्यायालयापेक्षाही, वाईट आहे, असं ते म्हणाले. हे वाचताना मला आजही भरून येतं. खाऊपिऊ घालून केलेली अटकही अटकच, हे एका कारागिराच्या खटल्यात कोर्टानं मानलं.

लीचचा खटला १७६५ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आला. कोणाला धरायचं, हा निवाडा शिपायावर सोडता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढे १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कनाम्यात आणि १७९१ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीत हीच गोष्ट आली.

मग नाव नसलेलं प्रत्येक वॉरंट वाईटच का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीला बलात्काराच्या एका प्रकरणात खटला भरण्याची मुदत संपत आली होती. आरोपीचं नाव माहीत नव्हतं, डीएनए मात्र हाती होता. सरकारी वकिलांनी ‘जॉन डो’ म्हणजे अमुकतमुक असं लिहून त्याखाली डीएनएचं वर्णन घातलं. २००३ मध्ये विस्कॉन्सिनच्या अपील न्यायालयानं अशा पद्धतीचं वॉरंट ग्राह्य धरलं. हॅलिफॅक्सच्या कागदात जासुदाला हकल बसवता आला, लीचही बसवता आला. या कागदात कोणा शिपायाला मनानं कोणालाच बसवता येत नव्हतं.