दोन 'दुसरे चार्ल्स'

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपातले राजे नावावरून नाही, आकड्यावरून ओळखायचे. पण आकडाही तोच असला तर? १६६५ ते १६८५ अशी वीस वर्षं दोन 'दुसरे चार्ल्स' एकाच वेळी गादीवर होते. एक इंग्लंडचा, एक स्पेनचा. त्यातून नातं सासऱ्या-जावयाचं. इंग्लंडच्या चार्ल्सची सख्खी भाची, मारी लुईझ, १६७९ साली स्पेनच्या चार्ल्सला दिली होती.

इंग्लंडचा आपल्या ओळखीचा. बापाचा, म्हणजे पहिल्या चार्ल्सचा, १६४९ साली शिरच्छेद झाला. पोरगा परदेशात दिवस काढून १६६० मध्ये परतला, राजा झाला आणि पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरवताना हुंड्यात मुंबई घेऊन बसला. पोर्तुगीजांनी ताबा द्यायला १६६५ उजाडवलं. आणि १६६८ मध्ये या पठ्ठ्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्यानं! भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुंबईकरांनी हा आकडा मनाला लावून घेऊ नये.

स्पेनच्या चार्ल्सची मात्र मला कीव येते. आईबाप सख्खे मामा-भाची, त्याआधीच्या पिढ्यांतही घरातल्या घरात सोयरिकी. चार वर्षांचाही नसताना गादीवर बसला. जबडा एवढा पुढे आलेला, की धड चावता येईना, बोललेलं कुणाला कळेना. लोक त्याला 'करणी झालेला' म्हणत.

मूल दोघांच्याही राण्यांना झालं नाही. इंग्लंडच्या चार्ल्सला बाहेरची डझनभर होती, पण ती गादीला चालत नव्हती. तिथे भाऊ जेम्स आला आणि १६८८ मध्ये पळून गेला. स्पेनचा चार्ल्स १७०० साली वारला. साम्राज्याचे तुकडे पाडू नका, असं मृत्युपत्रात बजावून त्यानं सगळं फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला लिहून दिलं होतं.

ऐकतो कोण! १७०१ ते १७१४ युरोपभर लढाई पेटली. मिलान, नेपल्स ऑस्ट्रियाकडे गेलं. स्पेनच्या दक्षिण टोकाचं जिब्राल्टर १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमारानं घेतलं, १७१३ च्या तहात ते ब्रिटिशांच्या नावावर चढलं.

मुंबई ब्रिटिशांनी १९४७ मध्ये सोडली. जिब्राल्टर अजून त्यांच्याकडेच आहे. आणि तिथला आजचा राजा? तिसरा चार्ल्स.

नमस्कार.