लक्ष्मी रस्त्यावरून कोण चालत होतं?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात इंग्रजी शिकवताना दर पावसाळ्यात एक वाक्य माझ्यापुढे येतंच. निबंधात मूल लिहितं, 'वॉकिंग ऑन लक्ष्मी रोड, द रेन स्टार्टेड.' मनात ते मराठीत म्हणालेलं असतं, 'लक्ष्मी रस्त्यावरून चालताना पाऊस सुरू झाला.' मराठीत यात काहीच खोट नाही. इंग्रजीत मात्र अर्थ होतो, पाऊसच रस्त्यानं चालला होता.

हे 'वॉकिंग' म्हणजे प्रेझेंट पार्टिसिपल, क्रियापदाला आयएनजी लावून झालेलं रूप. आपल्या व्याकरणात अशा रूपांना धातुसाधितं म्हणतात. नावातल्या 'प्रेझेंट'वर जाऊ नका. 'आय वॉज वॉकिंग' हा भूतकाळ. काळ सांगतं ते 'वॉज'. क्रिया चालू होती, एवढंच 'वॉकिंग' सांगतं.

हेच रूप विशेषणही होतं. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळतं पाणी. मग 'ड्रिंकिंग वॉटर'? पाणी स्वतः काही पीत नाही! तिथलं 'ड्रिंकिंग' हे नाम आहे, जेरंड. जुन्या इंग्रजीत ही दोन रूपं वेगळी होती: एकाच्या शेवटी 'एंडे', दुसऱ्याच्या 'उंग' किंवा 'इंग'. पुढे ती एकसारखी झाली. मराठीत 'उकळतं पाणी' आणि 'पिण्याचं पाणी' हा भेद स्पष्ट ऐकू येतो. म्हणून शंका आली की खुशाल मराठी करून पाहा.

आता पुन्हा त्या पावसाकडे. आपल्या 'ताना'ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. 'मी जेवताना फोन वाजला' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला आलेलं पार्टिसिपल सहसा पुढच्या मुख्य वाक्याचाच कर्ता घेतं. म्हणून 'वॉकिंग ऑन लक्ष्मी रोड, आय गॉट वेट' हे बरोबर. पाऊसच कर्ता हवा असेल, तर 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' अशी सुरुवात करावी.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. 'मंडईत जाऊन मी भाजी आणली' हे ठीक. 'मंडईत जाऊन पाऊस आला' म्हटलं की कानाला लगेच खटकतं. मुलांचा तोच कान मला इंग्रजीसाठी हवा असतो. त्यामुळे वहीत लाल रेघ मारण्याआधी मी विचारते, ''अरे, चालत कोण होतं?'' उत्तर येतं, ''मी, बाई.'' मग तो 'मी' स्वल्पविरामानंतर आणून बसवायचा.