१ स्क्रू की १५३ टाके

(दृश्य: लाकडी जिना, ट्यूबलाइट, टेबलावर हिरवं मॅट)

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला लागायचं, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय पण त्या नावानं पत्ता विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही, तर त्या रोडवरच्या एका जुन्या बिल्डिंगचा हा दुसरा मजला. दोन दिवस आम्ही इथे कॅमेरा लावून बसलो होतो. हे हात दिसतायत ते इथे लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या भाऊंचे. चेहरा दाखवायचा नाही ही त्यांची अट, म्हणून पूर्ण व्हिडिओभर तुम्हाला हातच दिसतील.

विषय साधा आहे. पातळ, हलका लॅपटॉप घ्यायचा तर आतली एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी, आत काही न फिरणारी डिस्क, कुठली असावी. दुकानात विचारलं की जीबी सांगतात, फार तर स्पीड सांगतात. भाऊ मात्र समोर आलेला लॅपटॉप आधी उलटा करतात आणि मग विचारतात, "डिस्क निघते का ह्याची?"

(दृश्य: ड्रॉवर, व्हर्नियर)

हा त्यांचा ड्रॉवर, आमचा सगळ्यात आवडता शॉट. ही जुनी अडीच इंची हार्ड डिस्क, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, साडेनऊ मिलिमीटर. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेवली तर शंभर ग्रॅमच्या आसपास. तिच्या शेजारी त्याच आकाराची साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत), ७ मिलिमीटर, आणि मजा म्हणजे हिचं कव्हर उघडलं तर आतला अर्धा डबा रिकामा. फिरणारी तबकडी गेली पण डब्याचा आकार तोच ठेवला, कारण लॅपटॉपमधली जागा तेवढीच होती.

मग लॅपटॉपवाल्यांना ही रिकामी जागाच नकोशी झाली. २००८ च्या जानेवारीत ॲपलचा पहिला मॅकबुक एअर आला, स्टीव्ह जॉब्सनी स्टेजवर कागदी पाकिटातून काढून दाखवला तो, त्यात ८० जीबीची १.८ इंची हार्ड डिस्क होती आणि ६४ जीबी एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर जादा. नुसत्या एसएसडीचे. २०१० च्या एअरमध्ये डबाच गेला, आली ती उघडी पट्टी. दुसऱ्या कंपन्यांच्या पहिल्या अल्ट्राबुकांत, म्हणजे तसल्याच पातळ लॅपटॉपांत, एमसाटा नावाचा हा चौकोनी तुकडा दिसायचा, साधारण ५ बाय ३ सेंटीमीटर, आता भाऊंकडे हे दोनच उरलेत.

आणि ही एम डॉट टू. पट्टीवर २२८० लिहिलंय, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. व्हर्नियरवर अडीचच्या आत. काट्यावर ८ ग्रॅम. बाजूला तिची धाकटी बहीण २२३०, लांबी फक्त ३० मिलिमीटर, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

शेवटी चिमट्यात धरलाय तो काळा चौकोन. ही ईएमएमसी, हीसुद्धा फाइली साठवणारीच, पण नुसती चिप. ११.५ बाय १३ मिलिमीटर, जाडी एकच्या आसपास. हिला स्क्रू नाही, स्लॉट नाही. ही थेट लॅपटॉपच्या मेन बोर्डावर चिकटलेली असते.

(दृश्य: स्क्रू, पट्टी उचलते)

हे परत बघा, आम्ही स्लो केलंय मुद्दाम. एक स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते, ओढायची, नवी सरकवायची, दाबायची, स्क्रू लावायचा. बॅटरीची पिन काढण्यासकट भाऊंना ४ मिनिटं लागली, त्यातली दीड मिनिटं तो स्क्रू टेबलाखाली शोधण्यात गेली.

पण एम डॉट टू हे नुसतं मापाचं नाव आहे, तिथेच लोक फसतात. हा कॉलेजचा मुलगा आलाय, ऑनलाइन स्वस्तात घेतलेली एम डॉट टू घेऊन, बसली व्यवस्थित, स्क्रू लागला, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसतच नाही. का? पट्टीच्या टोकाला खाचा बघा. ह्याच्या पट्टीला दोन खाचा आहेत, त्या बहुतेक वेळा साटाच्या. त्याच्या लॅपटॉपला हवी एनव्हीएमई, ती जोडायची नवी पद्धत, तिला बहुतेक एकच खाच. दोन खाचांची पट्टी त्या स्लॉटमध्ये बसते, चालत मात्र नाही. भाऊ म्हणाले, "बाळा, बसली म्हणजे झालं नाही." आणि अजून एक, काही पातळ लॅपटॉपांत एकाच बाजूला चिपा असलेलीच पट्टी मावते, दोन्ही बाजूंनी असली तर खालचं झाकण लागत नाही.

साटा आणि एनव्हीएमईत फरक काय म्हणाल तर रेल्वेचं तिकिटघर आठवा. साटावाली डिस्क ज्या पद्धतीनं बोलते ती फिरत्या तबकडीच्या काळातली, एकच खिडकी आणि रांगेत ३२ जण. एनव्हीएमई २०११ मध्ये आली ती फ्लॅश मेमरीसाठीच बनवलेली, तिच्यात खिडक्याच ६५ हजारांच्या घरात. शिवाय दोघींचा रस्ताही वेगळा. साटाच्या रस्त्यावर सेकंदाला ५५० एमबीच्या पुढे जाता येत नाही, एनव्हीएमईचा रस्ता पीसीआय एक्सप्रेस, त्याच्या तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७००० च्या आसपास. ईएमएमसीची कागदावरची मर्यादाच ४०० आहे.

आता खरं बोलू का, एक्सेल उघडायला, क्रोममध्ये वीस टॅब लावायला ३५०० आणि ७००० मधला फरक तुमच्या बोटांना कळणार नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना कळतो, आम्हाला कळतो. पातळ बॉडीत एसएसडी तापली की ती स्वतःच स्पीड कमी करते, ते आम्ही शूट केलेलं नाही म्हणून एवढ्यावरच सोडतो. टीएलसी आणि क्यूएलसी, म्हणजे एका कप्प्यात तीन बिट की चार, तर जमलं तर तीनवाली घ्या, मोठी कॉपी करताना चारवाली मध्येच दमते. आणि कमी जीबीची घेताना सांभाळून. २०२२ च्या मॅकबुक एअरमध्ये, ॲपलच्या एम टू प्रोसेसरवाल्या (हा एम टू वेगळा, पट्टीवाला एम डॉट टू नाही), २५६ जीबीसाठी दोनाऐवजी एकच चिप लावली, तर वाचण्याचा स्पीड आधीच्या एम वनपेक्षा जवळपास निम्मा झाला, २०२४ च्या एम थ्रीत परत दोन आल्या.

(दृश्य: मायक्रोस्कोप)

आता ज्याच्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो ते. काकूंचा लॅपटॉप. गिरगावात डबे देतात, कुणाचा डबा कधी सुरू, कुणाचे किती बाकी, सगळा हिशोब ह्याच्यात. ६४ जीबीवाला, वजनाला एकदम फुलासारखा. त्यावर चहा सांडला. काकूंचं म्हणणं, "डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावून द्या ना." भाऊंनी झाकण उघडून त्यांना दाखवलं. "काकू, ह्यात डिस्क नाहीये. चिप आहे. आणि तिच्याखालचा बोर्ड गेलाय."

रबरी पायांखाली लपवलेले दोन स्क्रू आधी. मग बॅटरी. मग बोर्ड बाहेर. चिपच्या आजूबाजूला ही पिवळी टेप, बाकीच्या पार्टांना गरम हवा लागू नये म्हणून. खालून हीटर, कडेनं जोड नीट सुटावा म्हणून फ्लक्सचा चिकट थर, वरून हॉट एअर. ह्या चिपखाली १५३ गोळे आहेत सोल्डरचे, म्हणजे चिप बोर्डाला जोडणाऱ्या धातूचे, मोहरीहूनही बारीक, एकशे त्रेपन्न टाकेच म्हणा ना. हल्लीचं शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला सुटायचं. घाई केली तर बोर्डवरचे पॅड उपटून येतात, फार वेळ हवा मारली तर चिपच जाते. भाऊ चिमट्यानं चिपला हलकेच टोचतायत, बघा. अजून घट्ट. परत. अजून घट्ट. आणि आता, आत्ता हलली, पाण्यावरच्या पानासारखी, आणि उचलली.

ह्या शॉटच्या वेळी खोलीत पाच जण होतो, पंखासुद्धा बंद होता.

खालचं उरलेलं सोल्डर तांब्याच्या जाळीनं पुसायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं, चिप ह्या रीडरच्या खाचेत ठेवायची आणि झाकण दाबायचं. नशीब म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, चालू नव्हतं. असतं तर तिथेच खेळ खलास होता, आणि हे निघणाऱ्या डिस्कलाही लागू आहे हं, विंडोजचं बिटलॉकर नावाचं कुलूप चालू असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी किल्ली मागतं, ती कुठेतरी लिहून ठेवा. ॲपलच्या आताच्या मॅकमध्ये तर किल्ली मेन चिपच्याच आत असते, मेमरी उपटून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही.

कंपन्या म्हणतात पातळ करायचंय म्हणून सोल्डर. मग हे सांगा, २०१९ चा मायक्रोसॉफ्टचा सर्फेस लॅपटॉप ३, साडेचौदा मिलिमीटर, आत २२३० पट्टी, निघते. कंपनी म्हणते टेक्निशियनकडूनच काढा, पण निघते. २०२० चा एम वन एअर मागच्या बाजूला १६.१ मिलिमीटर, आत सगळं सोल्डर. मान्य, तो पुढे निमुळता होतो. तरी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा नव्हती असं नका सांगू.

बोर्ड गेला की लॅपटॉप भंगारात, त्याच्याबरोबर डेटाही. केंद्र सरकारनं २०२२ च्या जुलैमध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. असो, पुढे जाऊ.

(दृश्य: मॉनिटर, हिरवी पट्टी सरकतेय)

हे काकूंच्या चिपमधून येतंय. ९१ टक्के. फोल्डरचं नाव "डबे". आत महिन्यांची नावं. आता आम्ही काही बोलत नाही, काकूंकडे बघा.

(दृश्य, आवाज तसाच: पेनड्राइव्ह काकू पर्समध्ये नाही, डब्याच्या पिशवीत टाकतात. जिन्यावरची पावलं.)