पार्ट बदलण्याआधी मोजा

मंडळी, नमस्कार. समोर गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरं आहेत, शेतकरी आहेत, शाळेची मुलं नेणारे ओम्नीवाले आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात जुनी गाडी उभी आहे. मारुती 800 चं उत्पादन 2014 साली थांबलं, म्हणजे शेवटची 800 सुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेली. तरी दर्यापूर तालुक्यात ती धावते आणि धावायलाच पाहिजे. रात्री बाळंतिणीला अमरावतीला न्यायचं तर बऱ्याच गावांत तीच एक गाडी असते. म्हणून मी आज एकाच गोष्टीवर भर देणार आहे: पार्ट बदलण्याआधी मोजा.

चावी फिरवली, 'टक' असा आवाज आला, गाडी उठली नाही. आपल्याकडे लगेच निकाल लागतो, "भाऊ, बॅटरी गेली वाट्टे." नवी बॅटरी येते, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा 'टक'. गरिबाचे पैसे असे जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण साधा मल्टिमीटर बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी. आता खरी परीक्षा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. लाल वायर इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टपर्यंत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बॅटरीही चांगली असेल, सेल्फही चांगला असेल, पण अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी पट्टी, खराब आहे. ती खाली गिअरबॉक्सजवळ बोल्टने आवळलेली असते, चिखल-ऑइलने माखलेली. खोला, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासा, पुन्हा आवळा. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच: बॅटरीची खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने धुवा, कोरडं करा, आवळून वरून व्हॅसलीन लावा. खोलताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि लावताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते. गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर आधी बेल्ट ढिला आहे का बघा, मग वायरिंग, आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सगळ्यात शेवटी.

आता गरम होण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे उन्हाला दोष देणं सोपं आहे. पण गाडी केव्हा तापते ते आधी विचारा. बाजारात, फाटकापाशी उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर पंख्याकडे संशय. इलेक्ट्रिक पंख्याचा सॉकेट काढून बॅटरीतून थेट करंट द्या. फिरला तर मोटर चांगली, मग फ्यूज, पंख्याला करंट सोडणारा रिले आणि पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा थर्मो स्विच तपासा. उलट, वेगात चालताना तापते, तर इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर चोक आहे, म्हणजे तुंबला आहे. बाहेरूनही चोक होतो: वेचणीच्या दिवसांत कापसाचा तंतू जाळीत अडकतो, वरून धूळ बसते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा.

आतून चोक होण्याचं कारण मात्र आपल्या पायाखाली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरला आहे. जे पाणी पिकाला देताना आपण दहादा विचार करतो, तेच बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये बिनधास्त ओततो! क्षार नळ्यांत बसतात, ॲल्युमिनियम खातात. शुद्ध पाणी आणि कूलंटच घाला. बॅटरीत तर डिस्टिल्ड वॉटरशिवाय थेंबही नको.

रेडिएटरचं झाकणही तपासा. ते कुकरसारखं दाब धरून ठेवतं. 0.9 बारचं झाकण असेल तर पाणी शंभरऐवजी साधारण 118 अंशांला उकळतं. रबर गेलं की पाणी आधीच उकळून बाहेर येतं. आणि गरम गाडीचं झाकण कधीही खोलू नका, तोंडावर वाफ येते.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट वॉल्व, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून फेकायची पद्धत आहे. मला ती अजिबात मान्य नाही. इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि चोक झालेला रेडिएटर तसाच राहतो. वॉल्व दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला तर परत बसवा. नाही उघडला तर नवा लावा.

कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा जुना पार्ट असलेली गाडी दुपारी बंद पडली आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू झाली, तर पेट्रोलची लाइनमध्येच वाफ झाली असेल. गाडीतल्या, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला फडका ठेवून बघा. लाइन इंजिनला टेकली असेल तर दूर करा, आणि जुने रबरी पाइप चिरले असतील तर त्याच दिवशी बदला, आग लागू शकते. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर नुसती टेप गुंडाळू नका. सोल्डरिंगचा डाग द्या, वर स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी, चढवा.

मघाशी एका दादांनी विचारलं की ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, स्विच बदलू का? नका बदलू. मागच्या दिव्याची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने लावली आहे तिथे गंज आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून वाट काढतो. स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज घासा, आवळा. तुमची गाडी बाहेरच उभी आहे ना? चला, मीटर घेऊन तिथेच करून बघू.