मत्स्यालयाचं वर्ष: किती आणले, किती जन्मले, किती परत गेले

नमस्कार.

मत्स्यालयाचा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्या पानावर प्रेक्षकांचा आकडा असतो आणि दुसऱ्यावर नव्या टाकीचा फोटो. दोन्हींचं महत्त्व आहेच, तिकिटाच्या पैशांवर पंप चालतात. पण संस्था खरोखर वाढली का, हे पाहायचं तर मी प्राण्यांची नोंदवही मागेन. वर्षभरात समुद्रातून किती जीव आणले, आपल्या टाक्यांत किती जन्मले आणि समुद्रात किती परत गेले, हे तिच्यात पाहायचं. पहिला आकडा दरवर्षी उतरायला हवा, बाकीचे दोन चढायला हवेत. आज पंप, मीठ, औषधं अशा बऱ्याच गोष्टी बोलणार आहे. त्या सगळ्या या नोंदवहीशी बांधलेल्या आहेत, कारण पाणी बिघडून मासे गेले की त्यांची जागा भरायला पुन्हा समुद्राकडेच हात पसरावा लागतो.

सुरुवात नव्या टाकीपासून करू. वाढीच्या वर्षात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. समजा टाकी दहा लाख लिटरची आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे कृत्रिम मिठावर ही टाकी भरायला ३५ टनांहून थोडं जास्तच मीठ लागतं. जास्त अशासाठी, की पोत्यातल्या मिठात थोडं पाणीही धरलेलं असतं. पण मिठाला हात लावण्याआधी टाकी गोड्या पाण्याने काठोकाठ भरून काही दिवस तशीच ठेवायची. पाण्याच्या दाबाने अ‍ॅक्रिलिकची काच बाहेरच्या बाजूला किंचित झुकते आणि कडेच्या सिलिकॉनची परीक्षा तेव्हाच होते. काँक्रीटवरचा लेप कुठे सुटला असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढत जातो. हे गोड्या पाण्यात कळलं तर पाणी सोडून दुरुस्ती करता येते. मीठ ओतल्यावर कळलं, तर टनावारी मीठ गटारात जातं.

त्यानंतर टाकी ‘सायकल’ व्हावी लागते, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू तिच्या फिल्टरमध्ये वाढावे लागतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. एक जीवाणूगट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नव्या फिल्टरमध्ये हे जीवाणू जवळपास नसतातच. म्हणून मासा न सोडता अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅमवर न्यायचा आणि रोज मोजायचा. आधी अमोनिया उतरू लागतो, मग नायट्राइट चढतो आणि बरेच दिवस वरच राहतो. घातलेला डोस २४ तासांत पार नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आला, की टाकी तयार झाली. २५ अंशांच्या पाण्यात याला चार ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात कितीतरी जास्त. गडबड अशी होते की उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि पाण्याला त्या तारखेत बसवायचा प्रयत्न होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि या पीएचला अमोनियाचा विषारी अंश वाढतो, त्यामुळे गोड्या पाण्यातले मासे सहन करतील तो आकडाही इथे चालत नाही. शिवाय टाकी तयार झाली म्हणून सगळे मासे एकदम सोडायचे नाहीत. जीवाणू जेवढं मिळेल तेवढ्यावरच वाढतात. थोडे मासे सोडायचे, आठवडा-दोन आठवडे आकडे पाहायचे, मग पुढची तुकडी.

आता एक अशी बिघाडाची गोष्ट, जी सापडायला सगळ्यात कठीण जाते. पंपाच्या पुढच्या पाइपला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं, फरशी ओली होते, कोणीतरी पाहतं. पंपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे तो पाणी ओढतो त्या बाजूला, सुईच्या टोकाएवढी फट पडली तर पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही. उलट तिथून हवा आत ओढली जाते, पंपाच्या दाबाखाली पाण्यात विरघळते आणि टाकीत आल्यावर माशांच्या अंगात बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, पण रक्तात आणि डोळ्यांत. सकाळच्या फेरीला बॅटरीचा उजेड आडवा धरून माशाच्या डोळ्याच्या कडेला पाहायचं. मोहरीहून बारीक चकचकीत ठिपका दिसला, परांच्या पापुद्र्यात बुडबुडे दिसले, तर पाण्याच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष असल्या तरी पंपाकडे पळायचं. संशय असलेल्या सांध्यांवर दाढीचा फेस लावायचा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो, तिथे फट आहे.

ओझोनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ज्या गोष्टीने पाणी स्फटिकासारखं दिसतं तीच शार्कना आजारी पाडू शकते. ओझोन पाण्यातला पिवळेपणा आणि जंतू दोन्ही घालवतो. पण त्याच वेळी तो पाण्यातल्या आयोडाइडचं आयोडेट करून टाकतो, आणि शार्क व पाकट यांच्या थायरॉइडला आयोडाइड हवं असतं. त्यात जुन्या टाकीत नायट्रेट साठलेलं असलं, तर तेही आयोडाइड शोषायला आड येतं. परिणाम गळ्याखाली सुजेच्या रूपात दिसतो: गलगंड. तो दिसायला लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. म्हणून खाद्यातून आयोडीन द्यायचं, आणि नायट्रेट उतरवणारी टाकीही बांधायची. या टाकीत ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. तिचा प्रवाह फार मंदावला तर मात्र त्यातच हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि ते पाणी तसंच मुख्य टाकीत गेलं तर मासे मरतात. बंद पडलेली अशी टाकी पुन्हा सुरू करताना पहिलं पाणी बाहेर सोडून द्यायचं, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

नव्या माशांच्या विलगीकरणाला, म्हणजे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवायला, महिना द्यावा, यावर तडजोड नको. समुद्री माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी काही दिवस माशावर काढतो, मग खाली पडून कोष करतो, आणि कोषातून पुढची पिढी कधी तीन दिवसांत निघते तर कधी चार आठवड्यांनी. तांब्याचं औषध फक्त त्या पोहणाऱ्या पिढीला मारतं, कोषाला नाही. मासा स्वच्छ दिसायला लागला म्हणून दहाव्या दिवशी औषध थांबवलं की तिसऱ्या आठवड्यात सगळं पहिल्यापासून सुरू. मुक्त तांबं लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तीन ते चार आठवडे, दिवसातून दोनदा मोजून. टाकीच्या तळाशी प्रवाळाची वाळू किंवा चुनखडीचे दगड ठेवायचे नाहीत, ते तांबं शोषून घेतात आणि आकडा हातात राहत नाही. शार्क, पाकट, कोळंबी, प्रवाळ यांच्या जवळपासही हे औषध न्यायचं नाही.

अंगावरच्या चपट्या कृमींसाठी गोड्या पाण्याची पाच मिनिटांची अंघोळ असते. तापमान आणि पीएच टाकीशी जुळवून घ्यायचे, हवा सोडायची आणि माशावरची नजर हलवायची नाही. हे कृमी पारदर्शक असतात, माशावर बसलेले असताना दिसतच नाहीत. गोड्या पाण्यात गेल्यावर दोन-तीन मिनिटांत ते पांढरेफटक होतात आणि तांदळाच्या कण्यांसारखे तळाशी पडू लागतात. एकाच माशाखाली केवढा ढीग पडतो ते पाहिलं, की विलगीकरण कशासाठी हे नव्या कर्मचाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

शिक्षणाचा विषय मी मुद्दाम इथे घेतो, कारण माझ्या मते मत्स्यालयातलं सगळ्यात चांगलं शिक्षण काचेच्या मागच्या बाजूला असतं आणि ते आपण दाराआड ठेवतो. शाळेच्या मुलांना स्वयंपाकघर दाखवा. गोठवलेला मासा फ्रिजमध्येच वितळवायचा, कोमट पाण्यात नाही, हे दाखवा. हेरिंग, अँचोव्ही अशा काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते साठवणीत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. म्हणून समुद्री सस्तन प्राण्यांना किलोभर माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब-१ वेगळं द्यावं लागतं आणि त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात खोचून देतात. मुलांना ती गोळी स्वतः खोचू द्या. गोठवलेलं अन्न आणि ताजं अन्न यातला फरक त्यांना त्या एका कृतीत कळतो. स्पर्शटाकीपाशी हात साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवायचे आणि दोन बोटं सपाट ठेवून हलकेच लावायची. तारामासा पाण्याबाहेर उचलायचा नाही आणि दगडावरून ओढायचा तर मुळीच नाही. त्याचे नळीसारखे पाय दगडाला धरून असतात, ओढले तर तुटतात. प्राण्यांच्या पाळ्या लावा, एक गट बाहेर असताना दुसरा मागच्या टाकीत विश्रांतीला. आणि कार्यक्रम कसा झाला हे त्याच दिवशी दारात विचारू नका, तेव्हा सगळे खूशच असतात. भेटीआधी एकदा विचारा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, तेच प्रश्न.

आता जन्मांकडे. क्लाउनफिशची अंडी आठवडाभरात, अंधार पडल्यावर फुटतात. पिल्लं जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असतात आणि त्यांच्या तोंडात मावतो तो रोटिफर नावाचा सूक्ष्म जलजीव, ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा. आर्टेमिया हा कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव सुरुवातीला फार मोठा पडतो. पिल्लं जातात ती बहुधा पहिल्याच आठवड्यात: रोटिफर विरळ पडले म्हणून, रोटिफरनाच आधी पोषक शेवाळ खाऊ घातलं नव्हतं म्हणून, किंवा टाकीच्या भिंती चकाकत होत्या आणि पिल्लं उजेडाकडे डोकं आपटत राहिली म्हणून. यातल्या शेवटच्या कारणाला चारही बाजूंना काळा कागद पुरतो.

बंगाई कार्डिनलफिशचं मला मनापासून दुःख वाटतं. इंडोनेशियातल्या बंगाई द्वीपसमूहातला हा छोटा, काळ्या पट्ट्यांचा मासा. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी बेसुमार पकडला गेला आणि संकटग्रस्त ठरला. खरं तर समुद्री माशांत याच्याइतका वाढवायला सोपा मासा क्वचितच असेल. नर अंडी तोंडात धरतो, सुमारे महिनाभर उपाशी राहतो आणि बाहेर पडतात ती पूर्ण घडलेली छोटी पिल्लं. त्यांना रोटिफरही लागत नाहीत, आर्टेमिया चालतो. कोणत्याही मत्स्यालयाने हा मासा समुद्रातून आणण्याचं आज काहीच कारण उरलेलं नाही.

परत पाठवणं हे सगळ्यात अवघड. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने अनाथ समुद्री ऊदमांजरांची पिल्लं तिथल्याच माद्यांच्या ओटीत घातली. समुद्रात परत जाऊ न शकणाऱ्या या माद्यांनी पिल्लांना शिंपले फोडायला, अंगाची लव विंचरायला शिकवलं. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून कर्मचारी काळे झगे आणि वेल्डिंगचे मुखवटे घालून वावरतात. २००२ ते २०१६ या काळात अशी ३७ पिल्लं सोडली गेली, आणि एल्कहॉर्न स्लू या खाडीतल्या ऊदमांजरांच्या संख्येत जी वाढ झाली तिच्यातली निम्म्याहून अधिक या पिल्लांमुळे आणि त्यांच्या संततीमुळे झाली.

फ्लोरिडा मत्स्यालयाने २०१९ साली स्तंभप्रवाळाला प्रयोगशाळेत बीजं सोडायला लावली. समुद्रात त्याच्या वसाहती रोगाने इतक्या विरळ झाल्या होत्या की एकीची बीजं दुसरीपर्यंत पोचणंच मुश्कील. तंत्र लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या मत्स्यालयाने घडवलेलं: वर्षभराचं तापमान, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राच्या कला दिव्यांनी हुबेहूब उतरवायच्या. खोलीत दाराच्या फटीतून रात्री उजेड आला तरी प्रवाळाचा चंद्र चुकतो आणि महिन्यांची तयारी वाया जाते.

आणि झेब्रा शार्क. इंडोनेशियाच्या राजा अम्पातमध्ये त्या जवळजवळ संपल्या होत्या. संरक्षण मिळाल्यावर इतर शार्क वाढल्या, पण यांची संख्या इतकी घटली होती की नर-मादी एकमेकांना सापडणंच अवघड. मत्स्यालयांत मात्र त्या भरपूर अंडी घालतात. मग अंडीच पाठवायचं ठरलं. आधी आई-वडिलांचा डीएनए तपासायचा, कारण पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या झेब्रा शार्क आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या आहेत. शिवाय ही मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते, तशी अंडी या कामी नकोत. अंड्याची पिशवी तळहाताएवढी, तपकिरी, कडेला केसांच्या झुपक्यांची. मागून दिवा धरला की आत वळवळणारा गर्भ दिसतो. तो दिसला तरच ते अंडं प्रवासाला निघतं, ऑक्सिजन भरलेल्या पाण्याच्या पिशवीत, तापमान राखणाऱ्या खोक्यात. पिल्लांना तिथल्या संगोपन केंद्रात जिवंत गोगलगायी आणि शिंपले देतात, म्हणजे वाळूत तोंड खुपसून शिकार शोधायची सवय लागते. जानेवारी २०२३ मध्ये पहिली दोन पिल्लं समुद्रात गेली.

या पिल्लांच्या अंगावर जन्मतः पट्टे असतात, मोठेपणी त्यांचे ठिपके होतात. ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक शार्क ओळखता येते, पण पट्टे मोडून ठिपके होण्याच्या मधल्या काळात जुना फोटो निरुपयोगी ठरतो. म्हणून सोडण्याआधी दोन्ही कुशींचे फोटो, आणि पुढे जेव्हा जेव्हा दिसेल तेव्हा पुन्हा दोन्ही कुशींचे. डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीवरून ओळखता येत नाही.