यंत्र नकळत काय सांडते

श्रोतेहो, नमस्कार. आपण हे भाषण मिडियम वेव्हवर ऐकत असाल, तर ट्रान्झिस्टर उचलून मोबाईलच्या चार्जरजवळ नेऊन पाहा. माझ्या आवाजावर खरखर चढेल. काल रात्री ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी मी तो लॅपटॉपशेजारी ठेवला, तेव्हा पडद्यावरचे पान सरकवले की खरखरीचा सूर बदलत होता.

हेर नेमका याच खरखरीचा अर्थ लावतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1943 साली एका संशोधकाच्या लक्षात आले, की सांकेतिक लिपीचे यंत्र चालू असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे चढउतार रेषांनी दाखवणाऱ्या उपकरणावर, टोकदार रेषा उमटतात आणि त्यांवरून मूळ मजकूर वाचता येतो. लष्कराला हे पटेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, लष्कराच्या संकेत-कार्यालयापासून 80 फुटांवरच्या इमारतीत बसून बेलच्या अभियंत्यांनी तासभर त्या यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या लहरी टिपल्या आणि तीन-चार तासांत सुमारे 75 टक्के मजकूर उलगडून लष्करापुढे ठेवला. 80 फूट म्हणजे ठाण्यात समोरच्या सोसायटीची गॅलरीच! पुढे 1985 मध्ये नेदरलँड्सचे संशोधक विम व्हॅन एक यांनी साध्या टीव्ही संचाला थोडी जोड देऊन दूरच्या संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवली.

खोली धातूने मढवली, की या लहरी अडतात. सॉफ्टवेअरमधल्या चोरदरवाजाला, म्हणजे गुपचूप आत शिरण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या वाटेला, मात्र भिंत अडवत नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या दारावर कितीही ओळखपत्रे तपासली, तरी तो नव्या आवृत्तीबरोबर राजरोस आत येऊ शकतो. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी 1984 सालीच प्रसिद्ध झालेल्या, ट्यूरिंग या संगणकशास्त्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या व्याख्यानात बजावले होते, की तो कंपायलरमध्ये, म्हणजे मूळ कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दडवला, तर प्रोग्रामचा मूळ कोड ओळन् ओळ वाचूनही सापडणार नाही.

फायली आकसून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या मुक्त, म्हणजे कोणालाही हातभार लावता येणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निमूट, उपयोगी काम करून विश्वास मिळवला आणि मग चाचणीच्या फायलींत चोरदरवाजा लपवला. मला यातल्या तंत्रापेक्षा हा धीरच अधिक भयावह वाटतो. मात्र यंत्र नकळत काहीतरी सांडते, हे या खेपेला लपवणाऱ्यालाच भोवले. हे सॉफ्टवेअर असलेल्या दूरच्या यंत्रावर लॉगिन होताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक जातो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत मार्च 2024च्या अखेरीस ते चोरदरवाजापर्यंत पोहोचले.