विद्यापीठाचं वीजबिल कोण वाचतं?

(पुण्यात विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. व्याख्यान संपल्यावर माझ्या हस्ते वृक्षारोपण आहे, असं प्रास्ताविकात ऐकलं. लावू या की. फक्त खड्डा आधी दाखवा. गेल्या वर्षीच्या खड्ड्यात यंदाचं रोप लावायचा योग मला पूर्वी येऊन गेलाय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पर्यावरणाचा प्रकल्प लिहिला असेल. हा विषय सक्तीचा झाला तो एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेमुळे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यावर निकाल दिला आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. एवढ्या लढाईचं आपण काय केलं? एका बाजूनं छापलेले तीस कागद, वर प्लास्टिकचं कव्हर, स्पायरल बाइंडिंग, आणि पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या मुलाचं नाव खोडून स्वतःचं. हसू नका, त्याला मार्क मीच दिलेत.

नोकरीत असताना एका विद्यापीठाच्या ऊर्जा समितीवर मला घेतलं होतं. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, आपण महिन्याला किती युनिट वीज वापरतो? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बिल यायचं लेखा विभागात. तिथं रक्कम आणि शेवटची तारीख बघायचे, धनादेश काढायचे. पंखे, एसी, प्रयोगशाळेतल्या भट्ट्या चालायच्या विभागांत. दुरुस्ती तिसऱ्याच खात्याकडे. अख्ख्या आवाराला मीटर एकच. दहा भावांच्या एकत्र कुटुंबात किराणा एकाच वहीवर चालतो तसं ते होतं. साखर कोण संपवतंय हे विचारायची सोयच नाही. म्हणून माझ्या लेखी पहिलं काम म्हणजे इमारतवार मीटर बसवायचे आणि महिन्याचे आकडे त्या त्या इमारतीच्या दारात फळ्यावर लिहायचे. खडूनं लिहा, खर्च नाही.

विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची समिती येणार म्हटलं की हरित लेखापरीक्षणाची फाईल तयार होते, गच्चीवरच्या सौर पॅनेलचा फोटो मुखपृष्ठावर येतो. सौर पॅनेल हवीतच. पण त्याआधी छताकडे बघा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी मोटरचा तीसेक. फरक ४५ वॉटचा. दिवसाला दहा तास, वर्षाला अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे ११२ युनिट वाचतात. आवारात दोन हजार पंखे असतील तर सव्वादोन लाख युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाला १४०० च्या आसपास युनिट देतं. म्हणजे नुसते पंखे बदलून १६० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तोही जागा न अडवता. पण पंख्यांचं उद्घाटन करता येत नाही ना! फीत कुठं बांधणार?

आता पाणी. इथं मला थोडं रेंगाळायचंय, कारण या बाबतीत आपण स्वतःची फार गोड समजूत करून घेतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. वसतिगृहाचं छप्पर हजार चौरस मीटर असेल तर थेंबही वाया न जाऊ देता सात लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण त्या वसतिगृहात सहाशे मुलं आहेत, आणि माणशी १३५ लिटरचा सरकारी हिशोब धरला तर रोजचं पाणी होतं ८१ हजार लिटर. सगळा पावसाळा नऊ दिवसांत संपला. पाऊस जमिनीत जिरवाच, विहिरीला आणि बोअरला त्याचा उपयोग होतो; पण प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. त्याच ८१ हजारांपैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, रोज ६५ हजार लिटर, उन्हाळ्यातसुद्धा. ते आपण गटारात सोडतो आणि समोरच्या हिरवळीला टँकरनं पिण्याचं पाणी घालतो. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळ्या पाइपानं काढलं, खडी-वाळूच्या थरांतून, कर्दळीच्या आणि पाणकणसाच्या मुळांतून फिरवलं, तर बागेपुरतं ते पुरतं. अडचण एकच. बांधलेल्या इमारतीत पाइप वेगळा करणं जिकिरीचं आणि महागडं. म्हणून नव्या वसतिगृहाचा नकाशा मंजूर होतो त्या बैठकीत जाऊन बसा. नंतर बोंब मारून उपयोग नाही.

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. रोज शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या संस्थेनं ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत होतं. मेसमधलं उष्टं आठवडाभर वजनकाट्यावर ठेवा, बाकी मी काही बोलत नाही. पाचोळा मात्र जाळू नका. जाळीचा पिंजरा, त्यात पाला, अधूनमधून शेणाचं पाणी. काही महिन्यांत खत.

विद्यापीठानं मनावर घेतलं तर काय होतं, ते याच शहरात घडलंय. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातली माणसं कचरा वेचणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायला गेली. त्या बायकांची गरज वेगळी होती. उकिरड्यात हात न घालता, वेगळा केलेला कचरा थेट दारातून मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. तिथून ओळखपत्रं आली, १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी जाऊ लागली. या सगळ्याच्या मुळाशी विद्यापीठातली जी माणसं होती, ती शिकवायला गेली आणि ऐकून घेऊन परतली.

झाडांबद्दल एवढंच सांगतो. टेकड्या पटकन हिरव्या दिसाव्यात म्हणून आपण मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प भरमसाट लावलं. ते वाढलं, पण त्याच्या सावलीत आपल्या झाडांना फारशी जागा उरली नाही. बहावा, पळस, मेडशिंगी सावकाश वाढतात. वाढू देत.

आजचं रोप कुठलं आहे? करंज? छान. याला चैत्र-वैशाखात पाणी घालणारे माळीमामा सभागृहात आहेत का? मागं उभे आहेत ते? या, पुढं या मामा. झाड तुमच्या हस्ते लावू या, मी माती लोटतो.